माहेरी जाण्याआधी एक फोन

मॅटर्निटी लीव्ह मंजूर झाली, लॅपटॉप जमा झाला, डोहाळजेवणाचे फोटोही काढून झाले. आता पुण्याहून थेट माहेरी, बीडजवळच्या पालीला. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा रिवाज हिंजवडीत नोकरी करूनही सुटत नाही. आणि का सुटावा? आईच्या हातचे डिंकाचे लाडू, रोजचं मालिश, शेक-शेगडी हे सगळं भाड्याच्या टू-बीएचकेत कुठून आणणार?

पण बॅग भरताना एक प्रश्न राहून जातो. कळा असह्य झाल्या, तर तिथं काय मिळेल? 'एपिड्युरल घेता येईल' असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. एपिड्युरलला नुसतं औषध पुरत नाही, ते देणारा भूलतज्ज्ञही लागतो. तोसुद्धा रात्री तीन वाजता!

नेमकं मिळतं काय?

एपिड्युरलमध्ये कमरेत, मणक्याजवळ एक बारीक नळी बसवतात. तिच्यातून बुपिव्हाकेनसारखं बधिर करणारं औषध थोडं थोडं दिलं जातं. साधारण १५-२० मिनिटांत कळांची धार बोथट होते आणि तुम्ही पूर्ण शुद्धीवर असता. तोटे? रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो, क्वचित नंतर डोकं दुखतं. म्हणूनच आई आणि बाळ दोघांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. 'एपिड्युरल घेतलं की सिझेरियन ठरलेलंच' ही भीती मात्र अभ्यासांत खरी ठरलेली नाही. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील, तर ते बहुधा टाळतात.

पेथिडिन, ट्रामाडॉल यांसारखी इंजेक्शनं जास्त ठिकाणी मिळू शकतात. त्यांनी दुखणं सुसह्य होतं, थांबत नाही. गुंगी आणि मळमळ येते. जन्माच्या अगदी आधी दिलं, तर बाळाचा श्वास मंदावू शकतो.

नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं निम्मं-निम्मं मिश्रण काही हॉस्पिटलांत असतं. मास्क आपल्याच हातात. कळ सुरू होताच श्वास घ्यायचा. मास्क काढला की काही मिनिटांत असर उतरतो.

आणि ते 'कळांचं इंजेक्शन'? ते बहुतेक वेळा ऑक्सिटोसिन असतं. त्यानं कळा वाढतात, कमी होत नाहीत! सलाइनमध्ये काय घातलंय, हे बेधडक विचारा.

सोबतीचं औषध

कळा सुरू असताना कुणीतरी सतत जवळ असेल, तर औषधाची गरज कमी पडते. कंबर चोळणं, चालणं, कोमट पाण्याचा शेक यांनीही आराम पडतो. सरकारी दवाखान्यात प्रसूतीवेळी सोबतीला नात्यातली एक बाई ठेवायला केंद्रानं २०१६ मध्ये मान्यता दिली आहे. आई, बहीण की जाऊ, हे आधीच ठरवा.

फोनवर काय विचाराल?

पालीहून बीडचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे. जिल्ह्यातलं जुनं सरकारी मेडिकल कॉलेज मात्र लांब, अंबाजोगाईला. लहान शहरांतल्या खासगी हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ बहुधा ऑपरेशनपुरते बोलावले जातात. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारा:

• नॉर्मल डिलिव्हरीसाठी एपिड्युरल देता का? रात्रीही?
• भूलतज्ज्ञ हॉस्पिटलमध्येच थांबतात, की फोन केल्यावर येतात?
• ते नसतील तर दुसरा पर्याय कोणता?
• खर्च किती?
• सोबतीला कुणाला आत घेता?

व्हिक्टोरिया राणीनं १८५३ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. 'आम्ही नाही का सोसलं?' म्हणणाऱ्या मावश्या तुम्हालाही भेटतील. त्यांना हसून चहा द्या. फोन मात्र सातव्या महिन्यातच करा. कळा सुरू झाल्यावर नंबर शोधायचं कुणालाच सुचत नाही.