शालेय स्पर्धापात्रता, टेक्सासमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास राज्यात शालेय क्रीडा, संगीत, वादविवाद इत्यादींच्या स्पर्धा टेक्सास विद्यापीठाने १९१० मध्ये स्थापिलेल्या आंतरशालेय संघामार्फत होतात. त्यांतील सहभागाची मुख्य अट मात्र विधिमंडळाने १९८४ च्या कायद्याने घातली. तीनुसार कोणत्याही विषयात १०० पैकी ७० गुण न मिळविणारा विद्यार्थी सहा आठवडे स्पर्धांबाहेर राही. कठीण, उच्च श्रेणीच्या पाठ्यक्रमांना सूट देता येई; ती नसती, तर खेळाडूंनी सोपेच विषय निवडले असते. अमेरिकन फुटबॉलचे वेड असलेल्या या राज्यात नियमाविरुद्ध पालक न्यायालयात गेले. तथापि स्पर्धेतील सहभाग हा मूलभूत हक्क नव्हे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरविले. १९९५ मध्ये बंदी तीन आठवड्यांवर आली व त्या काळात सरावाची मुभा मिळाली.