सीमा बंद झाली, पैसे कुणाकडे राहिले?

२६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. मार्च २०२० पासून बंद असलेली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा १५ डिसेंबरपासून सुरू होणार, असं केंद्र सरकारने त्या दिवशी जाहीर केलं. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेच्या दक्षिण भागात सापडलेल्या नव्या विषाणू-प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव दिलं आणि त्याला चिंताजनक प्रकारांच्या यादीत टाकलं. पुढच्या बुधवारी, १ डिसेंबरला, सरकारने विमानसेवेचा निर्णय मागे घेतला. नियमित उड्डाणं सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. मधल्या त्या पाच दिवसांत अनेकांनी तिकिटं काढली, कार्यालयात रजा मांडली, परदेशातल्या लेकीला 'येतोय' म्हणून कळवलं. बातमी सरकारी होती, तारीख छापून आली होती, तेव्हा त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक गोंधळ झाला. ३० नोव्हेंबरला महाराष्ट्राने परदेशातून आणि परराज्यांतून येणाऱ्यांसाठी केंद्रापेक्षा कडक नियम काढले. ते केंद्राच्या सूचनांशी जुळत नाहीत, असं पत्र दिल्लीहून आलं आणि २ डिसेंबरला राज्याने त्यांत बदल केला. दोन दिवसांत दोन नियम. दरम्यान जो विमानात बसलेला होता, त्याला उतरल्यावर कोणता नियम लागणार हे बसताना ठाऊक नव्हतं.

साथीत सरकारला निर्णय बदलावे लागतात, हे मान्यच आहे. विषाणू वेळापत्रक पाहून येत नाही. पण निर्णय बदलला की कुणाचे तरी पैसे जातात, आणि ते कुणाचे जावेत हे आपल्याकडे कुणी आधी ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे ज्याच्या हातात पैसे होते, त्याच्याकडेच ते राहिले. म्हणजे बहुतेक वेळा प्रवाशाने गमावले. या लेखाचा विषय तोच आहे, कारण पुढची साथ, पुढचं युद्ध किंवा पुढची ज्वालामुखीची राख येईल तेव्हा प्रश्न हाच असणार.

विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करू, कारण तिथे निदान न्यायालयाचा निकाल तरी आहे. २५ मार्च २०२० ला देशांतर्गत विमानं थांबली, ती २५ मे रोजी पुन्हा उडाली. या काळातली तिकिटं रद्द झाली, पण बऱ्याच कंपन्यांनी रोख परत दिली नाही. त्यांनी दिलं 'क्रेडिट शेल': तुमचे पैसे आमच्याकडे जमा आहेत, पुढे कधीतरी आमच्याच विमानाने जा. १६ एप्रिलला केंद्राने काढलेल्या आदेशाने फक्त टाळेबंदी लागल्यावर तिकीट काढणाऱ्यांना पूर्ण परताव्याचा हक्क दिला. टाळेबंदी येणार हे माहीत नसताना, जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी सुट्टीचं तिकीट काढणारी कुटुंबं संख्येने कितीतरी जास्त होती, आणि तीच बाहेर राहिली. मला तो आदेश तेव्हाही अन्यायाचा वाटला होता, आजही वाटतो.

प्रवासी लीगल सेल ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला. २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाची, आधी काढलेली तिकिटं असतील तर कंपनीने पंधरा दिवसांत पैसे परत करावेत. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल द्यावं आणि त्यावर मोबदलाही द्यावा: जून २०२० अखेरपर्यंत महिन्याला अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का. दहा हजारांच्या तिकिटावर हे महिन्याला आधी पन्नास आणि मग पंचाहत्तर रुपये होतात. रक्कम किरकोळ असली तरी तिच्यामागचं तत्त्व मोठं आहे. प्रवाशाचा पैसा कंपनीने वापरला, तर वापराची किंमत द्यावी, हे न्यायालयाने मान्य केलं. ते शेल दुसऱ्याला देता येईल आणि मुदत संपल्यावर उरलेली रक्कम परत करावी लागेल, हेही निकालात होतं.

पण निकाल लागला म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. आमच्या भागातल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या टेबलाशी तेव्हा रोज कुणी ना कुणी बसलेलं असे. त्याने एका लांबट वहीत प्रत्येक पीएनआरपुढे तीन रकाने आखले होते: कंपनीकडे, वॉलेटमध्ये, गिऱ्हाइकाला. तिसरा रकाना बहुतांशी कोराच होता. निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ त्याला विचारत होते, "अरे, पण पैसे तर मी तुझ्या हातात दिले होते." तो म्हणाला, "काका, तुम्ही माझ्या हातात दिलेत, मी त्यांच्या हातात दिलेत. आता त्यांनी ते वॉलेटला परत टाकलेत. त्या वॉलेटमधून मला तिकीट काढता येतं, पैसे नाही काढता येत." दोघंही खरं बोलत होते. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा ज्या वाटेने येतो, त्या वाटेवर पैसा असा अडकतो. हे प्रकरण लहान दुकानांपुरतंही नव्हतं. टाळेबंदीत रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे एका मोठ्या ऑनलाइन बुकिंग कंपनीकडून ग्राहकांना मिळावेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये आदेश काढावा लागला. तोवर चार वर्षं उलटली होती.

रेल्वेचं उदाहरण मुद्दाम शेजारी ठेवतो. गाडी रद्द तर पूर्ण भाडं परत, हा रेल्वेचा नियम साथीच्या आधीपासून होता. त्यामुळे ऑनलाइन तिकिटांचे पैसे आपोआप खात्यात आले आणि खिडकीवरच्या तिकिटांसाठी परताव्याची मुदत नऊ महिन्यांपर्यंत वाढवली गेली. कुणाला न्यायालयात जावं लागलं नाही. नियम आधी लिहिलेला असला की किती मनस्ताप वाचतो, हे इतकं साधं आहे.

आता त्याहून अवघड भाग. विमान रद्द झालं, गाडी रद्द झाली, तर निदान कुणाकडे बोट दाखवता येतं. पण विमान उडतं, गाडी सुटते, हॉटेल उघडं असतं आणि फक्त तुम्हालाच जाता येत नाही, तेव्हा काय? माझ्या मते बहुतेक मराठी कुटुंबांचे पैसे इथेच बुडाले, आणि इथे नियम जवळजवळ नाहीत.

२०२० चा गणपती आठवा. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवस विलगीकरण सक्तीचं होतं, म्हणून १२ ऑगस्टच्या आत गावी पोहोचा. नंतर यायचं तर चाचणी निगेटिव्ह हवी, असा नियम आला. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गणपती विशेष गाड्या सुरू झाल्या १५ ऑगस्टला! ज्यांना रजा मिळत होती ते एसटीने किंवा खासगी गाडीने आधीच गेले होते. ज्यांना नव्हती त्यांना दहा दिवसांचं विलगीकरण परवडणारं नव्हतं. गाड्यांना प्रतिसाद अगदी तुटपुंजा मिळाला, यात नवल कसलं? एका खात्याने तारीख ठरवली, दुसऱ्याने गाडी, आणि दोन्ही कागद कुणी एकत्र ठेवून पाहिले नाहीत.

२०२१ च्या सुरुवातीला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर अहवाल सक्तीचा केला. कोल्हापूरहून बेळगावकडे जाताना कोगनोळी टोलनाक्यावर अहवाल तपासला जाई आणि नसेल तर गाडी मागे वळवायला लावत. गोकर्णला खोली घेतलेली असो की बेळगावमार्गे गोव्याला जायचं असो, नाक्यावर त्याला अर्थ नव्हता. पुढे दुसऱ्या लाटेत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशाने १० मेपासून गोव्यातही निगेटिव्ह अहवालाशिवाय प्रवेश बंद झाला. तेव्हा गोव्यात ऑक्सिजनअभावी माणसं दगावत होती. तो आदेश गरजेचाच होता. प्रश्न इतकाच की गोव्यातलं हॉटेल उघडं होतं, खोली तुमच्यासाठी राखलेली होती, मग आगाऊ रक्कम परत मागायची कोणत्या आधारावर?

वकील इथे १८७२ च्या भारतीय करार कायद्याकडे बोट दाखवतात. कलम ५६ म्हणतं, करार पार पाडणंच अशक्य झालं तर तो रद्द ठरतो. कलम ६५ म्हणतं, अशा रद्द करारातून ज्याला लाभ झाला त्याने तो परत करावा. कागदावर हे प्रवाशाच्या बाजूचं वाटतं. पण हॉटेलवाला म्हणतो, माझ्याकडून काहीच अशक्य झालेलं नाही, मी खोली द्यायला तयार होतो, तुम्ही आला नाहीत. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दापोली-गुहागरला चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्याने आगाऊ रकमेतून रंगरंगोटी केलेली असते, गॅस भरलेला असतो, कामाला माणूस ठेवलेला असतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी नाव राहावं म्हणून पदरचे पैसे परत केले, किंवा तारीख पुढे ढकलून दिली. हे त्यांचं मोठेपण होतं. पण गिऱ्हाइकाचा हक्क दुसऱ्याच्या मोठेपणावर टांगलेला असू नये, आणि लहान व्यावसायिकावर तसं वागण्याची वेळही येऊ नये.

परदेशप्रवासात हाच प्रश्न किती टोकाला जातो, ते पुण्याने पाहिलं. एप्रिल ते ऑगस्ट २०२१ भारत ब्रिटनच्या लाल यादीत होता. ब्रिटिश नागरिक आणि तिथले रहिवासी सोडून भारतातून कुणाला प्रवेशच नव्हता आणि त्यांनाही दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात राहावं लागे. एका प्रौढाला खर्च १,७५० पौंड. ऑगस्टमध्ये भारत त्या यादीतून बाहेर आला. सप्टेंबरात नवे नियम आले, त्यांत भारतात लस घेतलेला माणूस लस न घेतलेला धरला गेला. कोविशिल्ड म्हणजे ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाचीच लस, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. इथल्या मात्रा ब्रिटनलाही गेल्या होत्या. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना तसंच दहा दिवसांचं विलगीकरण लावलं, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने कोविशिल्डच्या दोन मात्रा घेतलेल्यांवरचं बंधन उठवलं. दोन देशांची ही ओढाताण चालू असताना हडपसरमधल्या ज्या आजी-आजोबांचं लंडनला नातवंडांकडे जायचं तिकीट होतं, त्यांचं विमान वेळेवर उडत होतं. म्हणजे कंपनीच्या नियमांप्रमाणे परतावा नाही.

ब्रिटनमध्ये सुट्टीच्या बुकिंगला मात्र एक भक्कम आधार आहे. १९७३ पासून तिथे 'अॅटॉल' ही योजना चालते. विमानासह सहल विकणाऱ्या कंपनीला परवाना लागतो आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड एका सामाईक निधीत जातात. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथली थॉमस कुक बुडाली, तेव्हा परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख लोकांना सरकारी यंत्रणेने परत आणलं. साथीच्या काळात कंपन्यांनी रोख रकमेऐवजी पतचिठ्ठ्या दिल्या, त्यांनाही या योजनेचं संरक्षण मिळालं. कंपनी बुडाली तरी चिठ्ठी बुडणार नव्हती.

आपल्याकडे यातलं काहीच नाही. पर्यटन मंत्रालयाची सहल कंपन्यांना मान्यता ऐच्छिक आहे. परवाना नाही, सामाईक निधी नाही. जून २०२१ मध्ये केंद्राने पर्यटन क्षेत्रासाठी हमी असलेलं कर्ज जाहीर केलं: कंपन्यांना दहा लाखांपर्यंत, नोंदणीकृत गाइडना एक लाखापर्यंत. ते आवश्यक होतं, पण ज्याचे पैसे अडकले त्या प्रवाशासाठी त्यात काही नव्हतं. क्रेडिट शेलची खरी जोखीमही इथेच आहे. आगाऊ भरलेले पैसे म्हणजे विनातारण हातउसने. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये; दोन्ही वेळा तिकीटधारक प्रवासी बँकांच्या मागे, विनातारण धनकोंच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

प्रवासी निधी आपल्याकडेही हवा, असं मला ठामपणे वाटतं. तिकिटामागे शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. तो येईपर्यंत बुकिंग करताना काही गोष्टी आपल्या हातात आहेत. परिस्थिती डळमळीत असेल तर पूर्ण रक्कम एकदम भरू नये. टप्प्याने भरायची मुभा देणारी कंपनी थोडी महाग असली तरी ती घ्यावी. 'सरकारी निर्बंधामुळे प्रवास करता आला नाही तर काय' हा एकच प्रश्न व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावं. तोंडी 'बघू, अॅडजस्ट करू' याला पुढे किंमत राहत नाही. विम्यावर भिस्त ठेवण्याआधी त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी: आजारी पडलात तर भरपाई देणाऱ्या बहुतेक पॉलिसी सरकारी बंदीसाठी किंवा आधीच जाहीर झालेल्या साथीसाठी काही देत नाहीत.

'नॉन-रिफंडेबल' हा शब्द वाचून गप्प बसणारे तर फार आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. कर आणि विमानतळाची शुल्कं प्रत्येक तिकिटावर परत मिळायलाच हवीत. चार जणांच्या कुटुंबाचे यातच काही हजार निघतात. एजंटमार्फत तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, असं तेच नियम सांगतात. तेव्हा पत्र दोघांनाही पाठवावं. महिनाभरात उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून पावती, तिकीट आणि झालेला सगळा पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावून ठेवावा.