अनुदान नेमकं कोणाच्या खात्यात?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेव्हा मित्रमैत्रिणींनो, चूकभूल द्यावी घ्यावी!

गेल्या सेमिस्टरला मेसमध्ये जेवताना मी सहज बोलून गेले, "शेतकऱ्यांचं बरं आहे, घरबसल्या खात्यात पैसे!" माझी रूममेट यवतमाळकडची. ती काहीच बोलली नाही. रात्री लाइट घालवल्यावर म्हणाली, "आमच्या नावावर जमीनच नाही गं. बाबा दुसऱ्याचं वावर मक्त्याने करतात. पैसे मालकाला येतात. तो नागपूरला राहतो."

मला झोप लागेना. ठरवलं, हे अनुदान प्रकरण एकदा समजून घ्यायचंच. सुरुवात केली अमेरिकेपासून, कारण सबसिडी म्हटलं की सगळे तिचंच उदाहरण देतात.

तिथे हे सुरू झालं १९३३ साली, महामंदीत. माल भरपूर, भाव पडलेले. म्हणून रूझवेल्ट सरकारने सांगितलं, पेरा कमी करा आणि त्याचे पैसे घ्या. उभ्या कपाशीवर नांगर फिरवले गेले! पैसे बहुतेक जमीनमालकांच्या हाती पडले आणि दक्षिणेतल्या कितीतरी वाटेकऱ्यांना जमिनीवरून उठावं लागलं. हे वाचताना मला रूममेटच आठवली.

आता आजची पद्धत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. एकट्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत. शेतकरी कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात नाव नोंदवतो. तिथल्या समितीवर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी असतात.

गंमत म्हणजे पैसे आज काय पेरलं यावर नाही, तर 'बेस एकर'वर, म्हणजे जमिनीच्या जुन्या पेऱ्याच्या नोंदीवर मिळतात. कायद्यात प्रत्येक पिकाचा एक आधारभाव ठरलेला असतो. २०२५ च्या कायद्याने मक्याचा आधारभाव बुशेलला (सुमारे २५ किलो) ४.१० डॉलर केला. समजा, वर्षाचा सरासरी बाजारभाव ३.९० निघाला. फरक ०.२० डॉलर. बेस ५०० एकर, त्याचे ८५ टक्के म्हणजे ४२५ एकर. नोंदलेला उतारा एकरी १४० बुशेल. गुणाकार करा: ११,९०० डॉलर! पण वर्षभराचा भाव कळल्याशिवाय हिशोब होत नाही, त्यामुळे यंदाच्या पिकाचे पैसे पुढच्या वर्षी ऑक्टोबरनंतर येतात.

दुसऱ्या एका योजनेत अख्ख्या काउंटीचं सरासरी उत्पन्न बघतात. शेजाऱ्यांचं पीक उत्तम आणि तुमचं एकट्याचं गारपिटीत गेलं, तर यातून छदामही नाही! त्यासाठी पीक विमा वेगळा. त्याच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं.

बेस एकर ज्याचे जास्त, त्याची रक्कम मोठी. रोख खंड देऊन जमीन कसणाऱ्याला हे पैसे मिळतात खरे, पण मालक पुढच्या वर्षी खंड वाढवू शकतो. म्हणजे एका हाताने आले, दुसऱ्या हाताने गेले.

याचा आपल्याशी काय संबंध? कापूस! अमेरिकेच्या कापूस अनुदानामुळे जगात भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत केली आणि ती जिंकली. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. हे पैसे ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला मिळाले. विदर्भाचा कापूसही त्याच जगात विकला जातो, पण त्या तडजोडीत आपण नव्हतो.

आणि आपल्याकडे? २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसानमध्ये वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. पण सात-बाऱ्यावर नाव हवं. घाम कोणाचा, हा कॉलम त्या फॉर्ममध्ये नाहीच.

असो. हा लेख छापायला देण्याआधी रूममेटला वाचून दाखवला. तिने दोन वेलांट्या सुधारल्या आणि म्हणाली, "बाबांना फोनवर वाचून दाखवीन." त्या दिवशी मेसमध्ये मी सॉरी म्हटलं नव्हतं. इथे म्हणते.