फिली

ईजिप्तमधील इसिस देवतेच्या मंदिरसमूहासाठी प्रसिद्ध असलेले नाईल नदीतील बेट व एक प्रमुख पर्यटनस्थळ. ते आस्वान शहराच्या दक्षिणेस, नाईलच्या पहिल्या प्रपाताच्या वरच्या अंगास होते. प्राचीन ईजिप्शियन भाषेत त्यास ‘पिलाक’ असे नाव होते. ग्रीकांनी त्याचे ‘फिलाई’ असे रूप केले, तर अरबी भाषिकांत ते ‘अनस अल्-वुजूद’ या लोककथेतील नायकाच्या नावाने ओळखले जाते. मूळ बेट सुमारे ४६० मी. लांब व १५० मी. रुंद होते. ते आता पाण्याखाली गेले असून त्यावरील वास्तू १९७२–८० या काळात जवळच्या आगिल्किया बेटावर हलविण्यात आल्या. पर्यटक फिली म्हणून ज्या बेटास भेट देतो, ते वस्तुतः आगिल्किया होय. ही गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय तेथील वास्तूंचा नीट उलगडा होत नाही.

येथे सापडलेल्या पुनर्वापरातील दगडांवरून पंचविसाव्या वंशातील तहर्का राजाच्या वेळी (इ. स. पू. सातवे शतक) बेटावर बांधकाम झाले होते, असे दिसते. तथापि उभ्या असलेल्या वास्तूंत सर्वांत जुना मंडप पहिला नेक्टानेबो (इ. स. पू. चौथे शतक) याचा आहे. मुख्य मंदिर टॉलेमी राजांनी उभारले व रोमन सम्राटांनी त्यात भर घातली. लगतच्या बिगा बेटावर ओसायरिसची समाधी असल्याची श्रद्धा होती. तेथे पुरोहितांखेरीज इतरांना मज्जाव असे. दर दहा दिवसांनी इसिसची मूर्ती नावेतून तेथे नेऊन दुधाचे तर्पण केले जाई. सामान्य यात्रेकरूचा प्रवास फिलीपाशीच संपे.

असे यात्रेकरू ईजिप्त, न्यूबिया व ग्रीक जगातून येत आणि आपण देवतेस वंदन केल्याचे लेख भिंतींवर कोरवून घेत. पाहुण्यांची ही वर्दळ मंदिराला नेहमीच सुखाची होती, असे मात्र नाही. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात येथील पुरोहितांनी आठव्या टॉलेमीकडे एक अर्ज केला. येणारेजाणारे अधिकारी व सैनिक आपला सर्व खर्च मंदिरावर लादतात व त्यामुळे देवस्थान डबघाईस येते, अशी त्यांची तक्रार होती. राजाने ती मान्य केली व हा पत्रव्यवहार ग्रीक भाषेत एका ऑबेलिस्कच्या बैठकीवर कोरण्यात आला. पाहुण्यांच्या जाचाची नोंद असलेला हाच स्तंभ एकोणिसाव्या शतकात विल्यम बँक्स या इंग्रज प्रवाशाने जोव्हान्नी बेल्झोनीकरवी उचलून नेला; तो इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात किंग्स्टन लेसी येथे आहे. त्यावरील चित्रलिपीतील क्लीओपात्रा या नावाचा शांपोल्याँला लिपीच्या उलगड्यात (१८२२) उपयोग झाला, एवढे त्या अपहरणाचे फलित म्हणता येईल.

नाव बेटाच्या दक्षिण टोकाशी लागते. नेक्टानेबोच्या मंडपापासून मंदिराकडे जाणाऱ्या विस्तीर्ण प्रांगणाच्या दोन्ही बाजूंस स्तंभश्रेणी आहेत. पश्चिमेकडील श्रेणी सुमारे ९३ मी. लांब असून तिची स्तंभशीर्षे सहसा एकसारखी नाहीत : पपायरस, कमळ व ताडपत्रे यांच्या आकृतिबंधांची मिश्रणे पाहात हळूहळू पुढे जावे, अशी ती रचना आहे. पूर्वेकडील श्रेणी अपुरी राहिली. तिच्या काही स्तंभशीर्षांवर केवळ ओबडधोबड घडाई झालेली दिसते, त्यामुळे दगड आधी जागेवर बसवून मग कोरण्याची ईजिप्शियन कारागिरांची पद्धत येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. बहुतेक प्रवासी पश्चिमेची श्रेणी पाहून पुढे सरकतात. अभ्यासकाच्या दृष्टीने पूर्वेकडील अधिक बोलकी आहे.

समोरचा पहिला पायलॉन, म्हणजे दोन उतरत्या बाजूंच्या बुरुजांचे महाद्वार, सुमारे १८ मी. उंच व ४५ मी. रुंद आहे. त्यावर बारावा टॉलेमी शत्रूंना केसांनी धरून मारताना दाखविला आहे. या राजाने प्रत्यक्षात रोमच्या कृपेवर सिंहासन टिकविले होते. परंतु फेअरोचे चित्र कसे असावे याचा संकेत इतिहासावर अवलंबून नसे. आतील चौकात डावीकडे ‘जन्मगृह’ असून त्यात इसिस पाणवनस्पतींच्या दाटीत बाळ होरसला स्तनपान देत आहे, असे शिल्प आहे. दुसरा पायलॉन पहिल्याला समांतर नाही. बेटाचा आकार व आधीची बांधकामे यांमुळे मंदिराचा अक्ष वाकला आहे. त्यापुढे दहा स्तंभांचा मंडप व अंधाऱ्या खोल्यांतून जाणारी वाट गर्भगृहाशी पोहोचते. तेथे इसिसच्या पवित्र नौकेची, तिसऱ्या टॉलेमीने बसविलेली दगडी बैठक अजून जागेवर आहे. मुख्य मंदिराच्या पूर्वेस हॅथॉरचे लहान मंदिर व ट्रेजनचा चौदा स्तंभांचा अपूर्ण मंडप आहे.

पश्चिमेकडील हेड्रियनच्या द्वारात, सापाच्या वेटोळ्याने वेढलेल्या गुहेत बसून पाणी ओतणारा नाईल-देव हापी कोरला आहे. गुहेवर बिगाचे खडक दिसतात. मूळ जागी हे द्वार खरोखरच बिगाकडे उघडत असे. नव्या बेटावर तो समोरासमोरचा संबंध तसाच राहिलेला नाही. याच द्वारात एस्मेत-अखोम या पुरोहिताने २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरलेला लेख हा चित्रलिपीतील ज्ञात असलेला अखेरचा दिनांकित लेख होय. डेमॉटिक लिपीतील शेवटचा लेखही फिलीचाच असून तो ४५२ मधील आहे. साम्राज्यात इतरत्र मूर्तिपूजेवर बंदी आली असताना न्यूबियन टोळ्यांच्या आग्रहामुळे येथील पूजा चालू राहिली. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सहाव्या शतकात ती बंद पडली. स्तंभमंडपाचे सेंट स्टीव्हनच्या चर्चमध्ये रूपांतर झाले. स्तंभांवरील क्रॉस व छिन्नीने पुसलेले देवतांचे चेहरे त्या घटनेचे साक्षी आहेत.

आधुनिक प्रवासाचा आरंभ फ्रेंच मोहिमेपासून होतो. १७९९ मध्ये येथवर आलेल्या द झे याच्या सैनिकांनी पहिल्या पायलॉनच्या द्वारात आपल्या विजयाचा लेख कोरला. पुढे डेव्हिड रॉबर्ट्स (१८३८) व ॲमिलिया एडवर्ड्स (१८७३-७४) यांच्या चित्रांनी व लेखनाने फिलीची कीर्ती यूरोपभर पसरली. त्या काळी स्तंभमंडपातील निळे-हिरवे रंग ताजे वाटत. १९०२ मध्ये आस्वानचे पहिले धरण पुरे झाले आणि बेट दरवर्षी अनेक महिने जलाशयात बुडू लागले. धरणाची उंची १९०७–१२ व १९२९–३३ या काळात वाढविण्यात आली. हिवाळा हा प्रवाशांचा हंगाम व तोच पाणी साठविण्याचाही. म्हणून स्तंभांच्या मधून नाव वल्हवीत नेणे हे तेव्हाचे आकर्षण ठरले. पिएर लोती या फ्रेंच लेखकाने याविषयी लिहिलेल्या पुस्तकाला ‘फिलीचा मृत्यू’ या अर्थाचे नाव दिले. भिंती टिकल्या, रंग मात्र धुऊन गेले. आज दिसणारा वालुकाश्माचा मातकट एकरंगीपणा हा प्राचीनांच्या अभिरुचीचा नव्हे, तर त्या पाण्याचा परिणाम आहे.

उच्च धरणाच्या उभारणीनंतर (१९६०–७०) बेट दोन धरणांच्या मध्ये सापडले व पाण्याच्या रोजच्या चढउताराने दगड झिजण्याचा धोका निर्माण झाला. यूनेस्कोच्या मोहिमेत बेटाभोवती पोलादी पत्र्यांच्या दुहेरी भिंतींचा बांध घालून पाणी उपसण्यात आले. सुमारे ४०,००० दगड मोजून, खुणा करून सुटे केले गेले. आगिल्कियाचा माथा सुरुंगांनी सपाट करून त्याला फिलीसारखा आकार देण्यात आला आणि मार्च १९८० मध्ये मंदिरे खुली झाली. १९७९ मध्ये हे स्थळ न्यूबियातील इतर स्मारकांसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. हे काम अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे, यात शंका नाही. मात्र त्याच धरणामुळे ईजिप्तमधील सुमारे ५०,००० न्यूबियन लोकांना १९६३-६४ मध्ये कोम ओंबोच्या परिसरात नेण्यात आले. त्यांची गावे अशी दगड मोजून पुन्हा उभारली गेली नाहीत, हे मंदिराच्या माहितीफलकांवरून कळत नाही.

बेटावर जाण्यासाठी जुन्या धरणाच्या दक्षिणेस असलेल्या शल्लाल धक्क्यावरून यांत्रिक नावा मिळतात. नावाडी बहुधा न्यूबियन असतात. प्रवेशशुल्कात नावेचे भाडे धरलेले नसल्याने ते जातायेताचे व थांबण्याच्या वेळेसह आधी ठरवावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. सकाळी लवकर गेल्यास गर्दी कमी असते. तिरप्या उन्हात बाहेरच्या भिंतींवरील खोदीव शिल्पांच्या कडा स्पष्ट दिसतात; दुपारी त्या सपाट भासतात. आतील खोल्यांसाठी हातबत्ती उपयोगी पडते. स्मारकांवर लिहिणे वा कोरणे हा ईजिप्तच्या १९८३ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परतताना मूळ बेटाभोवतीच्या बांधाचे पोलादी अवशेष पाण्यावर डोके काढून असलेले दिसतात. नावाड्यास सांगितल्यास तो नाव त्या बाजूने घेतो.