सरकारचें काम आणि गांवाचें काम

सरकारनें समाजाच्या व्यवहारांत किती हात घालावा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. उदारमतवादी पक्षाचें म्हणणें असें कीं, दुबळ्यास संरक्षण देणें हें सरकारचें पहिलें कर्तव्य होय. जाचक रूढि आपण होऊन सुटत नाहीं, तिला कायद्याचा धक्का द्यावाच लागतो. परंपरानिष्ठ पक्ष म्हणतो कीं, समाजाच्या चालीरीतींत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांठलेला असतो. तो जाणून न घेतां केलेला हुकूम लाभापेक्षां हानिच अधिक करतो. १८९१ सालीं मुलीचें संमतिवय दहावरून बारा वर्षें करणारा कायदा आला, तेव्हां न्यायमूर्ति रानडे व आगरकर यांनीं त्यास पाठिंबा दिला. सुधारणा समाजानें आपण होऊन करावी, परक्या सरकारच्या कायद्यानें ती लादली जाऊं नये, अशी टिळकांची भूमिका होती.

हा वाद शहरांतील व्याख्यानांत व वर्तमानपत्रांत रंगला. परंतु दोन्ही पक्षांची खरी पारख पाहावयाची असेल, तर ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांकडे वळावें. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलुखांत महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी यांची वस्ती मोठी. आणि येथें सरकारची गांठ रोजच्या जगण्यांत, जंगलांत आणि पाणवठ्यावर पडते.

प्रथम जंगलाची गोष्ट. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं येथील शेतकरी टहाळ, पालापाचोळा व शेण जमिनीवर पसरून जाळतो. यास राब म्हणतात. राबामुळें तणाचें बीं जळतें आणि रोप जोमानें येतें. गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत जंगलें सरकारी ताब्यांत गेलीं, तेव्हां टहाळ तोडण्यावर बंधनें आलीं. रान राखण्याचा सरकारचा हेतु गैर नव्हता; परंतु शेतीची रीत न पाहतां केलेल्या नियमानें साधा शेतकरी गुन्हेगार ठरूं लागला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास त्यांच्या चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें. परंपरानिष्ठांचा मुद्दा येथें खरा ठरतो.

परंतु गांव आपल्यापुरतें सोडून दिलें म्हणजे न्याय होतोच, असेंही नाहीं. लग्नासाठीं कर्ज काढून त्यापायीं सावकाराच्या वा जमीनदाराच्या घरीं वर्षानुवर्षें राबणारा 'लग्नगडी' याच जिल्ह्यानें पाहिला. तीही रूढिच होती, आणि तिच्यांत पिढ्यांचें शहाणपण नव्हे, पिढ्यांची लाचारी सांठली होती. वेठबिगार मोडावयास १९७६ चा कायदाच यावा लागला.

या दोन्ही अनुभवांचा मेळ २००६ च्या वनहक्क कायद्यांत दिसतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाचा हक्क मान्य होतो. मर्यादा चार हेक्टरांची. दाव्याची पडताळणी ग्रामसभेपासून सुरू होते, आणि गांवांतील वृद्धांचा लेखी जबाब हाही एक पुरावा धरला जातो. शेवटचा निर्णय मात्र जिल्हास्तरीय समितीचा. जमीन वारसानें मिळते, परंतु विकतां येत नाहीं. आणि हक्कपत्रावर पतिपत्नी दोघांचीं नांवें लागतात. वृद्धांची आठवण ही परंपरेची देणगी, पत्नीचें नांव ही उदार विचाराची. शहापूर हा संपूर्ण व मुरबाड हा अंशतः अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. त्या क्षेत्रांतील ग्रामसभेस १९९६ च्या पेसा कायद्यानेंही अधिकार दिले आहेत.

पाण्याच्या बाबतींत मात्र हा मेळ अद्याप बसलेला नाहीं. शहापूर तालुक्यांतील तानसा धरण १८९२ सालचें. त्याच तालुक्यांतील भातसा धरणाचें पाणी मुंबईच्या पुरवठ्याचा सर्वांत मोठा भाग आहे. तरीही उन्हाळ्यांत शहापुरांतील कित्येक गांवपाडे टँकरची वाट पाहतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण त्यांस उगीच लागू पडत नाहीं. येथें 'सरकार कमी हवें' हें उत्तर पुरत नाहीं. कारण पाड्यापर्यंत नळ नेण्याची ऐपत पाड्याला नसते. 'सरकार अधिक हवें' एवढेंही पुरत नाहीं. कारण नळ आणून दिल्यावर त्याची निगा, पाण्याची वांटणी आणि विहिरीचा गाळ हीं कामें गांवानें अंगावर घेतल्यावांचून योजना टिकत नाहीं.

तेव्हां सरकार किती असावें, यापेक्षां कोणतें काम कोणाचें, हा प्रश्न अधिक उपयोगाचा. जें एकट्या गांवास पेलत नाहीं आणि जेथें बलवान् दुबळ्यास दडपतो, तेथें सरकारनें यावें; जें गांवास अधिक चांगलें ठाऊक असतें, तेथें सरकारनें प्रथम ऐकावें. मुंबईंतील सुशिक्षित कुटुंबास हा प्रश्न दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. त्याच्या घरच्या नळाला येणारें पाणी ज्या तालुक्यांतून येतें, त्या तालुक्यांतील पाड्यालाही पाणी मिळावें, यासाठीं त्यानें आपल्या प्रतिनिधीकडे आग्रह धरला, तर या वादास कांहीं तरी फळ आलें असें म्हणतां येईल.