परदेशची तबकडी आणि घरचा संगणक

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं डीव्हीडी तबकड्यांची एखादी पेटी अजून जपून ठेवलेली असेल. मुलगा अमेरिकेंत असतो. सुटींत घरीं येतांना चार चित्रपटांच्या तबकड्या तो हौसेनें घेऊन येतो. तो परत गेल्यावर वडील त्यांतील एक संगणकांत घालतात, आणि चित्राऐवजीं पडद्यावर ‘विभाग जुळत नाहीं’ अशी सूचना उमटते. तबकडी बिघडलेली आहे असें समजून कित्येकदां ती टाकूनहि देण्यांत येते. वस्तुतः तबकडी निर्दोष असते. आड आलेली असते ती व्यापाऱ्यांनीं आपल्या सोयीसाठीं घातलेली एक सीमा.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानमध्यें आणि १९९७ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत विक्रीस आली. त्या काळीं हॉलीवुडचा चित्रपट अमेरिकेंत लागल्यावर इतर खंडांत पोंचावयास कित्येक महिने लागत. तिकडे तबकडी दुकानांत येई, तेव्हां इकडे तो चित्रपट चित्रपटगृहांत लागलेलाहि नसे. तबकडीच आधीं घरोघर पोंचली तर तिकीट कोण काढणार, ही चित्रसंस्थांची धास्ती होती. देशोदेशीं किंमत निराळी ठेवतां यावी, हाहि हेतु होताच. म्हणून त्यांनीं जगाची वांटणी केली. पहिल्या विभागांत अमेरिका व कॅनडा. दुसऱ्यांत युरोप, जपान, मध्यपूर्व व दक्षिण आफ्रिका. तिसऱ्यांत दक्षिण कोरिया, तैवान व आग्नेय आशिया. चौथ्यांत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका. पांचव्यांत भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. सहाव्यांत एकटा चीन. विमानें व जहाजें यांच्याकरितांहि आठवा विभाग योजला गेला! तबकडीच्या वेष्टनावर पृथ्वीच्या लहानशा चित्रांत जो आंकडा छापलेला असतो, तो हाच. भारतीय कंपन्यांनीं मात्र परदेशस्थ बांधवांवर दृष्टि ठेवून आपल्या अनेक तबकड्या सर्व विभागांस मोकळ्या ठेविल्या.

आतां संगणकाकडे वळूं. तबकडी वाचणारा जो ड्राइव्ह संगणकांत असतो, त्याच्या पोटांतच विभागाचा आंकडा नोंदलेला असतो. २००० सालापासून निघालेल्या ड्राइव्हांना हा नियम लागू आहे. मालकाला तो आंकडा बदलतां येतो, पण केवळ पांच वेळां. आणि अगदीं पहिली निवडहि त्या पांचांतच धरली जाते. पांचवी निवड कायमची ठरते. विंडोज पुसून नव्यानें घातली, अथवा तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकांत बसविला, तरी मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू होत नाहीं.

येथेंच घरोघर घात होतो. मुलानें आणलेल्या तबकडीसाठीं प्रथम एक आंकडा निवडला. पुढें मुंबईंत घेतलेल्या तबकडीसाठीं पांच केला. पुन्हां एक, पुन्हां पांच, आणि पाहुणे आले म्हणून परत एक. ‘विभाग बदलावयाचा काय?’ असें यंत्र नम्रपणें विचारतें आणि माणूस होकार देत जातो. पांच संधि अशा सरल्या, कीं तो ड्राइव्ह जन्माचा अमेरिकन होतो, आणि भारतापुरती म्हणून येथेंच विकत घेतलेली तबकडी त्याला परकी होते. म्हणून होकार देण्यापूर्वीं डिव्हाइस मॅनेजरमध्यें ड्राइव्हची माहिती उघडून किती बदल शिल्लक आहेत तें पाहावें.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे यूएसबीनें बाहेरून जोडावयाचा दुसरा ड्राइव्ह घेणें. एक कायम पहिल्या विभागाचा, दुसरा कायम पांचव्याचा. दोहोंवर चिठ्ठी चिकटवावी म्हणजे घोटाळा नको. दुसरा मार्ग व्हीएलसी या विनामूल्य प्रोग्रॅमचा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या उद्योगांतून तो निघाला. तो विभाग विचारीत नाहीं. तबकडीवरील सांकेतिक कुलपाची किल्ली स्वतःच गणित करून काढतो. तथापि कांहीं ड्राइव्ह इतके हट्टी असतात कीं ते त्यालाहि तबकडी वाचूं देत नाहींत. ड्राइव्हच्या आंतील मूळ प्रोग्रॅमच बदलण्याचा तिसरा मार्ग कित्येक सुचवितात. त्यांत थोडें चुकलें तरी ड्राइव्ह निकामी होतो, तेव्हां तो नादच नको.

हें कुलूप उघडणारा प्रोग्रॅम १९९९ सालीं प्रथम बाहेर पडला, तेव्हां नॉर्वेंतील योन योहान्सेन या कुमारावर त्यापायीं खटला झाला. २००३ सालीं न्यायालयांनीं त्यास निर्दोष सोडलें. भारताच्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५ अ हें कलम आलें. त्यांत शिक्षा आहे ती दुसऱ्याचे हक्क बुडविण्याच्या हेतूनें संरक्षक योजना चुकविणाऱ्यास. विकत घेतलेला चित्रपट घरीं पाहणें आणि त्याच्या प्रती काढून विकणें, हीं दोन कृत्यें एका मापानें मोजतां येत नाहींत.

जुन्या टेलिव्हिजनवर आणखी एक अडचण असे: भारतांत चित्र ६२५ रेषांचें व सेकंदास २५, तर अमेरिकेंत ५२५ रेषांचें व सुमारें ३०. संगणक आपलें चित्र आपणच रेखाटतो, त्यामुळें ही चिंता येथें नाहीं.

मात्र दरवेळीं दोष विभागाकडेच असतो असें नव्हे. २०१२ च्या विंडोज ८ पासून डीव्हीडी दाखविण्याची सोय विंडोजमध्यें आपोआप येत नाहीं. त्यासाठीं वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो. आणि आतांच्या बहुतेक लॅपटॉपांत ड्राइव्हच नसल्यामुळें तो बाहेरून आणणें प्राप्तच आहे. तो घरीं आल्यावर त्यांत पहिली तबकडी कोणत्या देशाची घालावयाची, हें खोकें उघडण्यापूर्वींच ठरवून ठेवावें.