उंबऱ्याच्या आत कोणती तार आली?

चौकात फलक लागतो, '१०० एमबीपीएस'. दुसऱ्या दिवशी दुसरी कंपनी '२००' लिहिते. तिसरी सिनेमे आणि क्रिकेट फुकट देते. मग घराघरांत चर्चा सुरू होते, जोडणी कोणाची घ्यावी? आम्ही म्हणतो, आकडा नंतर पाहू. आधी एवढेच विचारा, आपल्या उंबऱ्याच्या आत येणारी तार तांब्याची की काचेची?

तांब्याची तार मुळात बोलण्यासाठी टाकलेली. २००५ साली बीएसएनएल आणि एमटीएनएलने त्याच टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड दिले. हजारो घरांत इंटरनेट प्रथम आले ते याच वाटेने, हे विसरून चालणार नाही. पण तांब्यातून विजेचा संदेश जातो आणि अंतर वाढले की तो क्षीण होतो. एडीएसएल २+ या तंत्रात एक्सचेंजजवळच्या घराला २४ एमबीपीएसपर्यंत वेग मिळू शकतो. पाच किलोमीटरवरच्या घराला एक-दोन मिळाले तरी पुष्कळ. एक्सचेंज सहसा बाजारपेठेत, वस्ती गावाच्या टोकाला. म्हणजे बिल सारखे, वेग मात्र पत्ता पाहून!

फायबरमध्ये केसासारख्या बारीक काचेतून प्रकाश जातो. आज घराघरांत दिल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत तो वीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. एका तंतूवर सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. म्हणून फायबर ही काही जादू नव्हे. कंपनीने पुढची क्षमता पुरेशी घेतली नसेल तर संध्याकाळी, सगळे एकदम वापरू लागले की, काचही अडखळते.

फसवणूक होते ती 'फायबर' या शब्दातच. आमच्याकडेही एका कंपनीचा माणूस फायबर म्हणून जोडणी देऊन गेला. पावसाळ्यात वीज कडाडली आणि राउटर जळाले, तेव्हा कळले की फायबर गल्लीतल्या खांबावरच्या पेटीपर्यंतच होते. तिथून घरापर्यंत साधी लॅन केबल, म्हणजे पुन्हा तांबेच! काच वीज वाहून आणत नाही, तांबे आणते. पैसे मात्र आम्ही काचेचे मोजत होतो.

आणखी एक गोष्ट फलकावर नसते. एडीएसएलमधल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'असमान' असा आहे. खाली उतरवण्याचा वेग मोठा, वर पाठवण्याचा जेमतेम एक एमबीपीएस. आपण पाहावे, ऐकावे, विकत घ्यावे. पाठवायचे काय, असे त्यात गृहीतच. पण ऑनलाइन परीक्षा देणारी मुलगी, सभेचे चित्रण पाठवणारा कार्यकर्ता, घरून काम करणारा तरुण यांना वर पाठवण्याचाच वेग हवा असतो. फायबरमध्ये तो देता येतो. कंपनी देते का, हे विचारून घ्यावे.

तेव्हा तुलना करताना हे प्रश्न विचारा. घरात येणारा शेवटचा तुकडा कशाचा? वर पाठवण्याचा वेग किती? डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो? १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचे किती, अनामत किती, ती परत मिळते का? तार तुटली तर किती दिवसांत माणूस येतो? हे शेवटचे कंपनी सांगणार नाही, शेजारी सांगेल. आणि ध्यानात असू द्या, जुना टेलिफोन वीज गेली तरी चालत असे, कारण त्याला वीज एक्सचेंजमधूनच मिळे. फायबरचा मोडेम घरची वीज गेली की बंद. भारनियमनाच्या गावात छोट्या बॅटरीचा खर्चही हिशेबात धरा.

हा केवळ गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे का? २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले. २०१३ मध्ये ते ५१२ झाले, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. फलकावर २०० आणि सरकारी व्याख्येत किमान २! इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली; तीच पुढे भारतनेट झाली. २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. पैसा जनतेचा आहे. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीत आलेली तार म्हणजे शेवटच्या घरात आलेली तार नव्हे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत हात वर करा आणि विचारा, आपल्या कचेरीतले फायबर चालू आहे का? असेल, तर तिथून आमच्या वस्तीपर्यंत कधी येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. खासगी कंपनीला वस्तीत धंदा दिसला नाही तर ती तार ओढणार नाही. सरकारला मात्र ते कारण सांगता येणार नाही.